बटण लागेना, बाही चढेना

मार्गशीर्ष लागला की घरोघरी माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. स्वेटर, शाली, कानटोप्या उन्हात पसरल्या जातात, डांबराच्या गोळ्यांचा वास दोन दिवस घरात रेंगाळतो आणि प्रत्येकाच्या अंगावर आपापले काहीतरी चढते. घरातील एखादी वृद्ध व्यक्ती मात्र गेल्या वर्षीचे जाकीट हातात घेऊन थोडा वेळ बसते आणि 'मला काही एवढी थंडी वाजत नाही' असे म्हणून शाल पांघरून घेते. घरची मंडळी हे वाक्य खरे मानतात. दवाखान्यात बसून इतकी वर्षे रुग्ण पाहिल्यावर मी ते सहसा खरे मानत नाही. थंडी वाजत असते, पण जाकीट घालता येत नसते आणि तसे सांगण्याचा संकोच थंडीपेक्षा मोठा असतो.

शाल वाईट नाही, पण तिला एका हाताने धरून ठेवावे लागते आणि तोच हात काठीवर किंवा जिन्याच्या कठड्यावर हवा असतो. तिचा सुटलेला पदर गॅसच्या शेगडीपाशी लोंबतो, दाराच्या कडीत अडकतो, चालताना पायात येतो. शिवाय उतारवयात शरीर थंडीशी पूर्वीच्या जोमाने झुंजत नाही. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या पुरेशा आकसत नाहीत, कुडकुडणे कमी होते आणि गारवा जाणवतोही उशिरा. निफाडसारख्या ठिकाणी पहाटेचे तापमान १० अंशांच्या खाली उतरते, तेव्हा ही गोष्ट क्षुल्लक राहत नाही. दोन्ही हात मोकळे ठेवणारे आणि अंगाला धरून राहणारे जाकीट अशा व्यक्तीला खरोखर हवे असते. ते तिला स्वतःच्या हाताने घालता आले पाहिजे, इतकीच अट.

ही अट मी उगाच घालत नाही. १९६३ साली सिडनी काट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांचे स्वावलंबन मोजण्यासाठी सहा साध्या क्रिया निवडल्या: आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, पलंगावरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवणे. आजही जगभर हीच सहा कामे विचारली जातात. बहुतेकांच्या बाबतीत आंघोळ आणि कपडे ही कामे आधी हातची जातात आणि घास तोंडी घालणे सर्वांत शेवटी जाते, असे त्यांना आढळले होते. म्हणजे बाही चढेनाशी होणे ही परावलंबनाच्या वाटेवरची फार अलीकडची पायरी आहे. तिथे माणसाला थोपवून धरणे पुष्कळदा शक्य असते आणि त्यासाठी लागणारे सामान आपल्या घरातील शिवणाच्या डब्यात असू शकते.

आधी कारण, मग कात्री

शिवणकामाची हौस असणाऱ्या गृहिणी, आणि हल्ली पुरुषही, अशा वेळी लगेच बटणे काढून व्हेल्क्रो लावायला बसतात. थोडे थांबावे. ज्यांच्यासाठी जाकीट शिवायचे, त्यांना जुने जाकीट आपल्यासमोर घालायला सांगावे आणि दोन-तीन मिनिटे गप्प बसून पाहावे. मदतीला हात पुढे करू नये. बटण 'का' लागत नाही हे ठाऊक नसताना बटण काढून टाकले, तर आजार दाखवून देणारी खूणच आपण उसवून टाकतो.

बोटे दुखतात म्हणून बटण लागत नसेल आणि सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ सांधे आखडलेले राहत असतील, तर ते संधिवाताचे लक्षण असू शकते. हालचाल मंद झाली आहे, एका हाताला कंप आहे, सही पूर्वीपेक्षा बारीक येते, असे दिसले तर पार्किन्सन म्हणजे कंपवाताचा विचार करावा लागतो. अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटे रात्री बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातील नस दाबली गेलेली असू शकते. मधुमेह आणि थायरॉईडची कमतरता असणाऱ्यांत हे अधिक आढळते.

एक कारण मात्र मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण त्याकडे फार दुर्लक्ष होते. दोन्ही हात बेंगरूळ झाले आहेत, बटण, नाणी, पोळीचा तुकडा नीट धरता येत नाही, चालताना तोल जातो, पण दुखत मात्र फारसे नाही, अशा व्यक्तीच्या मानेच्या मणक्यांत मज्जारज्जूवर दाब येत असण्याची शक्यता असते. दुखत नसल्यामुळे 'वय झाले' म्हणून दिवस काढले जातात. मज्जारज्जूला झालेली इजा पुष्कळदा पूर्णपणे भरून येत नाही, म्हणून अशा माणसाला लवकर तपासून घेणे फार मोलाचे असते. आणि काल लागणारे बटण आज सकाळी अचानक एका हाताने लागेनासे झाले, सोबत तोंड वाकडे दिसते किंवा बोलणे अडखळते, तर घड्याळ पाहून सिटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तात्काळ न्यावे. मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्यातला वेळ तपासण्यांतही जातो.

बटण लागते पण बाही चढत नाही, अशी तक्रार असेल तर दुखणे खांद्यात असते. पहिली बाही जाते, दुसऱ्या बाहीसाठी हात मागे न्यावा लागतो आणि तिथे चेहरा आक्रसतो. चाळिशी ते साठीच्या दरम्यान, विशेषतः मधुमेहींमध्ये, खांदा असा आखडतो. तो बहुधा बरा होतो, पण त्याला एक ते तीन वर्षेही लागू शकतात. तोवर व्यायाम चालू ठेवावाच, आणि थंडीचे दोन मोसम सोसावे लागणार हे धरून जाकीटही त्या खांद्याला साजेसे शिवावे.

कोणी जाकीट उलटे धरते, गळ्यात हात घालते, पुढची बाजू मागे घेते. तिथे सांधे आणि स्नायू ठीक असून क्रमच हरवलेला असतो. स्मृतिभ्रंशाचा हा एक चेहरा आहे. त्यावर रागावणे निरुपयोगी आहे.

मापे घेताना

कारण कळले, उपचार सुरू झाले, की टेप हाती घ्यावा. तयार कपडे ताठ उभ्या, सुदृढ माणसाच्या मापाने बेतलेले असतात. आपण 'बाबा, जरा सरळ उभे राहा ना' असे म्हणून माप घेतो आणि तिथेच ते बिघडते. ते जसे उभे राहतात, तसेच माप घ्यावे. हाडे ठिसूळ होऊन पाठीला बाक आला असेल, तर मानेमागे हाताला लागणाऱ्या हाडापासून कमरेपर्यंतची पाठीची उंची वाढलेली आणि पुढची उंची घटलेली असते. अशांच्या अंगावर तयार जाकीट मागून वर ओढले जाते, कंबर उघडी पडते आणि पुढे पोटावर कापडाचा फुगा येतो. पाठीचा भाग पुढच्यापेक्षा लांब बेतला की दोन्ही तक्रारी मिटतात. जे दिवसाचा बहुतेक वेळ खुर्चीत असतात, त्यांचे माप बसलेलेच घ्यावे. मागे बैठकीवर येईल एवढी लांबी ठेवू नये, कारण चुणीवर तासन्‌तास बसल्याने त्वचेवर दाब येतो. याच कारणाने त्यांच्या पाठीवर जाड शिवण, बटण, पट्टा किंवा भरतकाम नसावे. पाठीवर मोर काढण्याची हौस असेल तर तो छातीवर काढावा.

कापडासाठी बाजारात जाण्याआधी कपाट उघडावे. आपल्याकडे गोधडीची परंपरा आहे आणि गोधडीचे तंत्र जाकिटाला उत्तम लागू पडते. जुन्या सुती साड्या व धोतरे अनेक धुण्यांनी मऊ झालेली असतात. नव्या कापडाची खळ आणि चुरगळू नये म्हणून लावलेली रसायने काहींच्या त्वचेला सोसत नाहीत. नवे कापड वापरायचेच असेल तर आधी धुऊन वाळवावे, म्हणजे आटायचे तेही आटून जाते. वर एक, आत एक आणि मध्ये जुन्या धोतराचा किंवा साडीचा एक असे तीन पदर पुरेसे होतात. ऊब कापडापेक्षा पदरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेची असते. म्हणून धावदोऱ्याच्या ओळी फार दाट घातल्या तर हवा दाबली जाऊन जाकीट जड व थंड होते, आणि फार विरळ घातल्या तर धुताना आतला पदर गोळा होतो. दोन बोटांचे अंतर मला ठीक वाटते, मात्र यात घरातील आजींचा शब्द माझ्यापेक्षा अधिक अधिकाराचा. कृत्रिम धाग्याचे भरण हलके असते, लवकर वाळते, म्हणून अशक्त खांद्यांना बरे. पण ते आगीशी वितळून कातडीला चिकटते. स्वयंपाकघरात किंवा शेकोटीजवळ वावरणाऱ्यांसाठी सूत किंवा लोकर बरी, आणि बाहीचे तोंड मनगटाशी आवळलेले असावे.

बाही ठेवावीच का, याचा विचार करावा. माझे मत विचाराल तर खांदा आखडलेल्या माणसाला बिनबाह्यांची बंडी उत्तम. आत पूर्ण बाह्यांचा, पुढून उघडणारा सैल सदरा असला की धड उबदार राहते आणि दुसऱ्या बाहीचा छळ चुकतो. (डॉक्टरांचाही दुवा मिळतो. हिवाळ्यात तीन बाह्या गुंडाळून दंडाला फास बसवलेल्या रुग्णाचा रक्तदाब मोजणे हा आमच्या व्यवसायातील एक नित्याचा विनोद आहे, आणि त्यातून येणारा आकडा विश्वासार्ह नसतो.) बाही हवीच असेल तर मुंढा खोल कापावा आणि काखेत कापडाचा चौकोनी जोड द्यावा. नुसता मुंढा खोल केला तर हात वर करताना सारे जाकीट वर येते, तो जोड हे टाळतो. बाहीच्या आत साटीनसारखे गुळगुळीत अस्तर लावले की सदऱ्याची बाही आत अडकत नाही. पाठीच्या मधोमध वरपासून एक खोल चूण ठेवली तर हात मागे नेण्यास जागा मिळते.

बंद करण्याची व्यवस्था हा या सगळ्याचा गाभा आहे. पाव इंचाचे काज आणि चकचकीत लहान बटण ही तरुण बोटांची चैन आहे. बटण एक इंचाचे, कापडाच्या रंगापासून उठून दिसणारे असावे, कारण मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना करड्यावरचे करडे बटण सापडत नाही. ते शिवताना कापड आणि बटण यांच्यामध्ये दोरा गुंडाळून थोडी उंची द्यावी, म्हणजे बोटांना धरायला जागा राहते. काज आडवे आणि किंचित सैल ठेवावे. चेन बसवायची तर तिच्या पट्टीला नाडीचे कडे अडकवावे. पण चेनचे खालचे टोक खाचेत बसवणे हेच दुखऱ्या बोटांना सर्वांत अवघड असते, हे ध्यानात ठेवावे. व्हेल्क्रो सोपा खरा, मात्र पुष्कळांना तो लहान मुलांच्या बुटाची आठवण करून देतो. त्यावर एक जुनी युक्ती आहे. वरच्या पट्टीवर नेहमीची बटणे नुसती शिवून टाकावी, काजे वरून टाक्यांनी बंद करावी आणि खाली व्हेल्क्रोचे तुकडे लावावे. चारचौघांत जाकीट बटणांचेच दिसते. धुण्यापूर्वी व्हेल्क्रो बंद करावा, नाहीतर त्यात धागे अडकून तो निकामी होतो.

हल्ली चुंबकाची बटणे मिळतात व ती फार सोयीची असतात. पण पेसमेकर किंवा तत्सम यंत्र छातीत बसवलेल्या व्यक्तीच्या जाकिटाला ती कदापि लावू नयेत. चुंबक जवळ आल्यास यंत्राचे काम बदलू शकते. जोडीदाराने तसे जाकीट घातले असेल आणि तो जवळ टेकून बसत असेल, तरीही हाच नियम. धातूची टिचबटणे व हूक काहींच्या त्वचेला निकेलमुळे खाज आणतात, म्हणून आतून कापडाची पट्टी द्यावी.

खरे तर यातील काहीच नवे नाही. तान्ह्या बाळाचे झबले आपण पुरते उघडून बाळाला त्यात ठेवतो आणि बंद बांधतो, कारण बाळ हात मागे नेऊ शकत नाही. बटणे नसलेली बाराबंदी तर आपल्या जुन्या पोशाखातलीच. सोलापूरला संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे भक्त आजही पांढरी बाराबंदी घालतात. रुंद, मऊ बंद एका हाताने ओढून गाठ बसवता येत नाही हे खरे, पण दोन्ही हात जाड झालेल्या, सुजलेल्या बोटांचे असले तरी त्यांना बंद पेलतो.

ज्याचे त्याचे

घरी शिवलेल्या जाकिटाची खरी किंमत त्यावरच्या खास खुणांत असते आणि त्या खुणा केवळ शोभेच्या असण्याची गरज नाही. पक्षाघाताने डावा हात अधू झालेल्या माझ्या एका रुग्णाच्या पत्नीने जाकिटाच्या डाव्या बाहीच्या तोंडाला आतून लाल काठ लावला. 'लाल आधी' एवढेच ते लक्षात ठेवतात. अधू हात नेहमी आधी आत जातो आणि काढताना सर्वांत शेवटी बाहेर येतो. हा नियम रुग्णालयात सांगितला जातो व घरी विसरला जातो. त्या लाल काठाने तो विसरू दिला नाही. अधू हात धरून मात्र ओढू नये, त्याचा खांदा सहज निखळतो. कपडे घालताना पाय जमिनीला टेकतील अशा खुर्चीत बसावे. उभ्याने एका हाताशी झटापट करताना कंबरेचे हाड मोडून घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

डायलिसिस चालू असलेल्यांना वातानुकूलित खोलीत सुमारे चार तास एक हात उघडा ठेवून पडून राहावे लागते. त्यांच्या त्या बाहीची शिवण मनगटापासून दंडापर्यंत उसवून टिचबटणे लावली तर बाकीचे अंग झाकलेले राहते. फिस्चुलाच्या त्या हातावर कोणतेही आवळ तोंड, नाडी वा इलॅस्टिक नको. केमोथेरपीसाठी छातीत पोर्ट बसवलेले असेल, तर त्या बाजूला कॉलरखाली तसेच उघडते दार ठेवता येते.

स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी पुढची पट्टी वेगळ्या रंगाची असावी, म्हणजे पुढे-मागे कळते. नाव आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक आतल्या बाजूला भरावा. बाहेर लिहू नये, त्यात माणसाचा मानही जातो आणि परक्यांनाही माहिती मिळते. आतला खिसा जुन्या, ओळखीच्या साडीच्या काठाचा केला तर बेचैन हाताला कुरवाळायला काहीतरी राहते. तिथे मणी, आरसे, टिकल्या नकोत, त्या तोंडात जाऊ शकतात. सर्वच वृद्धांची त्वचा पातळ झालेली असते. भरतकामाच्या मागच्या गाठी घासून तिच्यावर ओरखडे उठतात, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. त्यावर अस्तर हवेच.

रंग, कापड, खिशांची संख्या मात्र घालणाऱ्याला विचारूनच ठरवावी. सुनेला फिका रंग आवडतो म्हणून सासऱ्यांना फिके जाकीट, हे मला पटत नाही. चष्म्याचा खिसा, तपकिरीच्या डबीचा खिसा, जपमाळेचा खिसा, जे ते मागतील ते द्यावे. आपला हात सहज जातो त्या उंचीवर खिसा असला की जाकीट घालण्याला एक कारणही मिळते.

जाकीट आधी कच्चे टाचून अंगावर घालून पाहावे आणि तेव्हाही पुन्हा तसेच गप्प बसून बघावे. दहा मिनिटे लागली तर लागू द्यावीत. घाईने आपण बाही चढवून दिली की उद्या ती आपल्यालाच चढवावी लागते.

शिवणाऱ्यानेही स्वतःकडे पाहावे. चाळिशी लागली असेल तर ती लावूनच बसावे. उजव्या हाताने शिवत असाल तर प्रकाश डावीकडून यावा. जाड पदरांतून सुई ढकलताना अंगुस्तान वापरावे आणि अर्ध्या तासाने उठून मान व बोटे मोकळी करावीत. गंजकी सुई बोटात गेली आणि धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली ते आठवत नसेल, तर डॉक्टरांकडे जावे.

काम आटोपले की सुया व टाचण्या मोजाव्या. जितक्या काढल्या तितक्या डब्यात परत गेल्या पाहिजेत. एखादी कमी भरली तर जमिनीवरून, सतरंजीवरून चुंबक फिरवावा. मधुमेहाने ज्यांच्या तळव्यांची संवेदना गेली आहे, त्यांच्या पायात सुई शिरली तरी त्यांना कळत नाही. पाय सुजून लाल झाल्यावर एक्स-रेत ती दिसते. हरवलेली सुई सापडेपर्यंत अशा व्यक्तीने घरातही चप्पल घालावी, आणि रोज रात्री तिचे दोन्ही तळवे उजेडात नीट पाहावेत.